रस्त्यावर गाडी, पाण्यात होडी. पण तपासायची कोणी?

धरणाच्या फुगवट्यावर पर्यटन आणायचे, ही कल्पना आता आपल्याकडे नवी राहिलेली नाही. कोयनेच्या शिवसागर जलाशयावर जावळी तालुक्यातल्या मुनावळे गावी मार्च २०२४ मध्ये जलपर्यटन केंद्राचे उद्‌घाटन झाले. इतर धरणांचीही नावे अधूनमधून निघतात. ज्यांच्या जमिनी पाण्याखाली गेल्या, त्या गावांना त्यातून चार पैसे मिळणार असतील तर कोणाचे पोट दुखायचे कारण नाही. पण या धंद्यात एक वाहन असे आहे, की त्याला बघूनच माणूस भुलतो. डांबरी रस्त्याने येते, उतारावरून तसेच सरळ पाण्यात शिरते, तासभर माणसांना हिंडवते आणि पुन्हा चाकांवर काठाला चढते. पुस्तकी मराठीत त्याला उभयचर वाहन म्हणतात. आपण सोयीसाठी बेडूकगाडी म्हणू.

उद्या कोणी ठेकेदार अशी गाडी घेऊन आला, तर आधी ग्रामपंचायतीकडे ठराव आणि ‘ना हरकत’ मागायला येईल. त्या वेळी सरपंच, ग्रामसेवक आणि गावातल्या चार जाणत्यांना या गाडीची कुंडली माहीत असलेली बरी. ही कुंडली ऐंशी वर्षांची आहे, आणि तिच्यात कौतुकाइतकेच अपघातही लिहिलेले आहेत.

लढाईतले बदक

या गाड्यांचे मूळ दुसऱ्या महायुद्धात आहे. समुद्रातल्या जहाजावरचा माल बंदर नसलेल्या किनाऱ्यावर कसा उतरवायचा, हा अमेरिकन सैन्यापुढचा प्रश्न होता. जनरल मोटर्सने आपल्या अडीच टनी, सहा चाकी लष्करी ट्रकला खालून होडीचा पत्रा चढवला, मागे पंखा बसवला आणि १९४२ मध्ये गाडी तयार केली. कंपनीच्या सांकेतिक अक्षरांत तिचे नाव डी-यू-के-डब्ल्यू. सैनिकांनी त्याचे सरळ ‘डक’ म्हणजे बदक करून टाकले.

सुरुवातीला लष्करातलेच अधिकारी या गाडीवर खूश नव्हते. डिसेंबर १९४२ मध्ये अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर प्रोव्हिन्सटाऊनजवळ तटरक्षक दलाची एक बोट वादळात वाळूच्या पट्टीवर अडकली. नेहमीच्या होड्या तिच्यापर्यंत पोचेनात. चाचणीसाठी आणलेले बदक लाटांत घुसले आणि आतली माणसे सुखरूप घेऊन आले. त्यानंतर विरोध मावळला. पुढे २१ हजारांवर गाड्या बनल्या. १९४३ मध्ये सिसिलीत आणि १९४४ मध्ये फ्रान्समधल्या नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर त्यांनी माल वाहिला. चालकाला जागेवर बसूनच टायरची हवा कमी-जास्त करता येई, म्हणजे वाळू लागली की हवा सोडायची, सडक लागली की भरायची. चिखलात ट्रॉली ओढणाऱ्याला या सोयीची किंमत सांगायला नको.

रस्त्यावर ही गाडी ताशी ऐंशी किलोमीटरपर्यंत पळे. पाण्यात मात्र जेमतेम दहा. हा आकडा लक्षात ठेवा. वारा उठल्यावर काठ गाठायचा झाला, तर ताशी दहा किलोमीटरने काय होते ते पुढे येईलच.

लढाई संपली. गाड्या मोडीच्या भावात निघाल्या. १९४६ मध्ये विस्कॉन्सिन राज्यातल्या डेल्स या गावी एकाने त्यांत पर्यटक बसवले आणि धंदा सुरू झाला. पुढे बॉस्टन, सिएटल, फिलाडेल्फिया, ब्रॅन्सन, तिकडे लंडन आणि लिव्हरपूल अशी ही बदके पसरली. जर्मनीत १९६० च्या दशकात ‘अँफिकार’ नावाची चार माणसांची छोटी मोटारही निघाली. अमेरिकेचे अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांच्याकडे ती होती. आपल्या टेक्सासमधल्या शेतावर पाहुण्यांना घेऊन ते गाडी उताराने तळ्याकडे सोडायचे आणि ‘ब्रेक लागत नाही’ म्हणून ओरडायचे. पाहुण्यांची गाळण उडायची. मोठ्या माणसांची मजाही मोठीच!

घमेले आणि बंद डबा

मूळ दोष समजून घ्यायचा तर घरातली दोन भांडी पुरेत. रिकामे घमेले पाण्यात ठेवले तर तरंगते. एका बाजूने पाणी आत आले की दुसऱ्या क्षणी तळाला जाते. झाकण घट्ट लावलेला पत्र्याचा डबा मात्र दाबला तरी वर येतो. पोहायला शिकताना पाठीला डबा किंवा भोपळा बांधतात तो यासाठीच. लढाईतले बदक हे घमेले आहे. त्याच्या तळात कप्पे नाहीत. एका ठिकाणी पाणी शिरले की ते सगळीकडे पसरते. पाणी उपसणारे पंप आहेत, पण पंप थांबला किंवा पाणी जास्त आले तर खेळ संपला. चांगल्या बोटीत बंद कप्पे किंवा फोम भरून ‘पाणी भरले तरी बुडणार नाही’ एवढी सोय करतात. या गाडीत ती नव्हती.

त्यात चाके फिरवणारे दांडे तळाच्या पत्र्यातून बाहेर काढावे लागतात. जिथे दांडा बाहेर येतो तिथे भोक आले, आणि भोक आले म्हणजे रबर आले. आर्कान्सा राज्यातल्या हॅमिल्टन तलावात १ मे १९९९ रोजी ‘मिस मॅजेस्टिक’ नावाचे बदक बुडाले ते अशाच एका रबरी बुटामुळे. बूट नीट आवळलेला नव्हता, तिथून पाणी शिरले. पाण्यात उतरल्यापासून काही मिनिटांत गाडी तळाला गेली. २१ जणांपैकी १३ गेले, त्यांत लहान मुले होती. ट्रॅक्टरचा किंवा जीपचा बूट फाटला तर ग्रीस सांडते, फार तर आठवड्याने बेअरिंग जाते. इथे त्याच बुटाने तेरा माणसे घेतली.

चौकशीत आणखी एक गोष्ट पुढे आली. उन्हापावसासाठी गाडीवर छत होते. गाडी खाली जाताना माणसे वर यायला धडपडली आणि छताखालीच अडकली. अंगात जीवरक्षक जाकीट असेल तर ते माणसाला आणखी जोराने छताला चिकटवते. म्हणजे जे वाचवायला घातले तेच अडकवायला कारण होते. अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने सांगितले, की गाडी पाणी भरले तरी तरंगेल अशी करा, आणि ते होईपर्यंत पाण्यात उतरताना छत काढा. शिफारस कागदावर राहिली. पाळायची तर खर्च होता आणि पाळा असे दरडावून सांगणारा कायदा नव्हता.

ब्रॅन्सनची संध्याकाळ

त्याचा हिशेब १९ जुलै २०१८ ला चुकता झाला. मिसुरी राज्यात ब्रॅन्सनजवळ टेबल रॉक नावाचा तलाव आहे. नाव तलाव, पण आहे तो धरणाचाच फुगवटा. त्या संध्याकाळी ६ वाजून ३२ मिनिटांनी हवामान खात्याने जोराच्या वादळाचा इशारा दिला. फेरीत आधी रस्ता आणि मग पाणी असा क्रम असे. वादळ येतेय म्हणून त्या दिवशी क्रम उलटा केला, की वादळाआधी पाण्यातली फेरी उरकून घेऊ. सातला पाच मिनिटे कमी असताना गाडी पाण्यात उतरली. पाच-सात मिनिटांत वारा आला, ताशी शंभर किलोमीटरच्या वर. काठ दिसत होता, पण गाडीचा पाण्यातला वेग तुम्हाला वर सांगितलाच आहे. ७ वाजून ८ मिनिटांनी गाडी बुडाली. आत ३१ जण होते, १७ गेले. जाकिटे डोक्यावरच्या फळीत होती, ती घालायला कोणी सांगितले नाही. वर छत तसेच होते.

ही बातमी आपल्याकडे वाचताना परकी वाटत नाही. सांगली जिल्ह्यात पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळ येथे ८ ऑगस्ट २०१९ रोजी महापुरात बोट उलटली, तिथेही १७ जण गेले. बोटीत पेलवतील त्याहून जास्त माणसे चढली होती. तिथे जीव वाचवायला माणसे बोटीत बसली होती, सहलीला नव्हे; एवढा फरक नक्कीच आहे. उजनीच्या फुगवट्यात २१ मे २०२४ च्या संध्याकाळी करमाळा तालुक्यातल्या कुगावहून इंदापूर तालुक्यातल्या कळाशीकडे निघालेली लाँच अचानक सुटलेल्या वादळी वाऱ्यात उलटली. सहा जण बुडाले, एक पोहून काठाला लागला. मे महिन्यातला वळवाचा वारा कसा येतो हे धरणकाठच्या माणसाला कोणी शिकवायला नको. पण तिकीट काढून बसलेल्या पाहुण्याला ते माहीत नसते, आणि ठेकेदाराला शेवटची फेरी सोडवत नाही. ब्रॅन्सनला हेच झाले.

तिकडे मग कायदा हलला. डिसेंबर २०२२ मध्ये अमेरिकी संसदेने जुन्या बदकांसाठी तरतूद केली आणि सप्टेंबर २०२३ मध्ये तटरक्षक दलाने नियम काढले. पाण्यात उतरताना सुटकेला अडथळा होईल असे छत आणि पडदे काढायचे, जाकिटे अंगात घालायची, उपसा पंप स्वतंत्र विजेवर हवेत, निघण्याआधी हवामानाचा अंदाज बघायचा. यातले एकही कलम कळायला इंजिनिअर लागत नाही. तेरा माणसे गेल्यापासून ते कायद्यात यायला चोवीस वर्षे लागली.

रस्त्यावरही धोका

पाण्याचे झाले. पण ही गाडी रस्त्यावरही तेवढीच अवघड आहे. सिएटलमध्ये २४ सप्टेंबर २०१५ रोजी पुलावर एका बदकाच्या पुढच्या धुऱ्याचा सांगाडा तुटला, गाडी पलीकडच्या बाजूला घुसून समोरच्या बसवर आदळली आणि पाच जण दगावले. त्या भागाला मजबुती द्या, असे गाडी बनवणाऱ्याने दोन वर्षे आधी कळवले होते. काम झालेले नव्हते. बॉस्टनमध्ये एप्रिल २०१६ ला सिग्नलपाशी उभी असलेली स्कूटर उंच नाकामुळे चालकाला दिसली नाही आणि स्कूटरवरची तरुणी गेली. तोवर तिथे चालकच माइकवर माहिती सांगायचा आणि गाडीही हाकायचा. नंतर त्या राज्याने कायदा केला, की चालक वेगळा आणि माहिती सांगणारा वेगळा हवा. फिलाडेल्फियात ७ जुलै २०१० रोजी इंजिन बंद पडून नदीत उभ्या असलेल्या बदकावर मालवाहू बार्ज चढला. बार्ज चालवणाऱ्या टगबोटीवरचा माणूस मोबाइलवर गुंतला होता. दोन विद्यार्थी बुडाले, तो तुरुंगात गेला.

इंग्लंडमध्ये शहाणपणाने फोम भरून बघितला. सप्टेंबर २०१३ मध्ये लंडनच्या थेम्स नदीत अशाच गाडीला आग लागली, कारण भरलेला फोम फिरत्या भागांना घासत होता! त्याच वर्षी जूनमध्ये लिव्हरपूलच्या गोदीत एक गाडी बुडाली होती, तिच्यात फोम पुरेसा नव्हता. दोन्हीकडची माणसे वाचली. जुन्या गाडीला ठिगळे लावून नवी करता येत नाही, एवढे यातून दिसते.

हे एवढ्या तपशिलाने लिहायचे कारण हे, की बेडूकगाडी म्हणजे एक यंत्र नव्हे, दोन यंत्रे आहेत. ट्रकची देखभाल वेगळी, होडीची वेगळी. पाण्यातून रोज बाहेर आल्यावर ब्रेक, बेअरिंग, पत्रा, सगळ्याला पाणी लागलेले असते. जो ट्रक चांगला ओळखतो त्याला होडी कळत नाही, आणि कोळ्याला धुऱ्याची चीर दिसत नाही.

पंजाबची हौस

आपल्या देशातला धडा पंजाबचा आहे. तेव्हाचे उपमुख्यमंत्री सुखबीर बादल यांनी ‘पंजाबात पाण्यावर बस चालेल’ असे जाहीर केले तेव्हा लोक हसले. डिसेंबर २०१६ मध्ये, विधानसभा निवडणुकीच्या तोंडावर, बियास-सतलजच्या संगमावरच्या हरिके पाणथळीत ती बस खरोखर उतरली. कोट्यवधी रुपये त्यात गेले. हरिके १९९० पासून आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ म्हणून नोंदलेली, थंडीत हजारो परदेशी पक्षी येणारी जागा. तिथे इंजिनाचा आवाज कशाला, असा आक्षेप होताच. बस थोडे दिवस चालली. २०१७ मध्ये सरकार बदलले, नवे मंत्री नवज्योतसिंग सिद्धू यांनी ती बंद केली आणि बस शेडमध्ये जाऊन उभी राहिली. एकाने हौसेने आणली, दुसऱ्याने रागाने थांबवली, असे कोणी म्हणेल. माझ्या मते, बघायला किती माणसे येतील आणि रोजचा खर्च किती, हा हिशेब आधी मांडलाच गेला नाही. तिकिटावर चालणारा धंदा निवडणुकीच्या तारखेवर सुरू करायचा नसतो.

आपल्या फुगवट्यावर काय होईल?

आता आपल्याकडे या. अमेरिकेतल्या तलावात पाण्याची पातळी वर्षभर फार हलत नाही, म्हणून सिमेंटचा एक उतार बांधला की भागते. आपली धरणे सिंचनाची. उजनीचे पाणी २०२४ च्या उन्हाळ्यात वजा पन्नास टक्क्यांच्याही खाली गेले होते. पावसाळ्याच्या शेवटी जिथे काठ असतो तिथून मे महिन्यात पाणी लांबवर हटलेले असते. मधे काय असते? गाळ आणि भेगा. आणि बऱ्याच ठिकाणी कोणाचे तरी पीक.

ही गाळपेर जमीन हा मला यातला खरा मुद्दा वाटतो. पाणी ओसरेल तशी उघडी पडणारी जमीन जलसंपदा खाते भाडेपट्ट्याने कसायला देते. ज्यांची जमीन धरणात गेली त्यांना हा एक हंगाम मिळतो. बेडूकगाडीची जाहिरात अशी असते, की ‘हिला जेटी लागत नाही, कुठूनही उतरते’. हे ‘कुठूनही’ म्हणजे कोणाच्या हरभऱ्यातून? सहा-सात टनांची गाडी दिवसात आठ वेळा गेली तर त्या पट्ट्यात पुढे काही उगवायचे नाही. तसेच मच्छीमार सोसायटीची जाळी. पाण्यात पसरलेले जाळे पंख्यात गेले की जाळ्याचे नुकसान, आणि मध्यावर इंजिन बंद पडले तर माणसांचेही. फुगवट्यातून ज्या गावांच्या पिण्याच्या योजना आहेत, त्यांनी गाडीच्या तळातून उपसलेले तेलकट पाणी कुठे जाते हेही विचारावे.

कायद्याचे म्हणाल तर रस्त्यावर आरटीओ. पाण्यात २०२१ चा अंतर्देशीय जलयान कायदा आहे. त्याने १९१७ चा इंग्रजांच्या काळातला कायदा बदलला. इंजिनवर चालणाऱ्या नावेची तपासणी, नोंदणी आणि विमा या कायद्यात सांगितला आहे. राज्यात हे काम सागरी मंडळाकडे. पाणी जलसंपदा खात्याचे. साहसी पर्यटनासाठी २०२१ चे राज्याचे धोरण वेगळे. म्हणजे चार दारे झाली. चार दारे असली की प्रत्येक जण ‘ते आमच्याकडे नाही, तिकडे विचारा’ म्हणायला मोकळा, हे तलाठी कचेरीत एकदा तरी गेलेल्याला ठाऊक आहे. आणि काही घडले की पहिला फोन पोलीस पाटलालाच येतो.

पुरात मात्र हीच गाडी

एवढे वाचून कोणी म्हणेल, गाडीच वाईट. तसे नाही. याच जातीची पण निराळ्या बांधणीची वाहने मदतीच्या कामाला फार उपयोगी आहेत. कॅनडात १९६७ पासून बनणाऱ्या ‘आर्गो’ला सहा किंवा आठ फुगीर चाके असतात. पंखा नाही, चाके फिरवूनच ती पाण्यात सरकते. तिकडे शेतकरी आणि जंगल खाते ती वापरतात. त्याहून मोठी ‘शेर्प’. तिचे टायर जवळजवळ पुरुषभर उंच, आणि त्यांत कोंडलेली हवाच गाडीला तरंगत ठेवते. हा आपला बंद डबा झाला. त्याच घाटाची ‘एटॉर एन-१२००’ ही गाडी आपल्या लष्कराने घेतली आहे. ऑगस्ट २०२५ च्या पंजाब महापुरात अमृतसर जिल्ह्यात तिच्यातून लोकांना बाहेर काढले. पाण्यात वेग माणसाच्या चालण्याइतकाच, पण खड्डा आला, बांध आला, चिखल आला, कुठे अडत नाही. पुरात साधी बोट बांधाला अटकते, ट्रॅक्टर खोलात बुडतो. कृष्णा-पंचगंगेच्या काठी हे सगळ्यांनी २०१९ ला पाहिले आहे.

किंमत मोठी आहे, एका ग्रामपंचायतीला झेपणारी नाही. पण जिल्हा आपत्ती व्यवस्थापनाकडे दोन-तीन गाड्या, त्यांवर कायमचे शिकलेले चालक आणि दरवर्षी मे महिन्यात पाण्यात उतरवून चाचणी, एवढी मागणी पूरकाठच्या गावांनी ठरावाने करायला हरकत नाही. चाचणी यासाठी म्हणतो, की आपल्याकडे वस्तू घेतल्या जातात आणि शेडमध्ये त्यांचे टायर बसतात.

राहिली सहलीची गाडी. ग्रामसभेपुढे प्रस्ताव आलाच, तर रंगीत चित्र बाजूला ठेवून ठेकेदाराला उभे करून विचारावे. गाडी पाण्याने पूर्ण भरली तर तरंगते का? तरंगत असेल तर इथेच, माणसे न बसवता, भरून दाखव. छत आहे का, आणि असेल तर पाण्यात उतरताना निघते का? तपासणीचा दाखला कोणत्या तारखेचा? प्रवाशांचा विमा किती जणांचा आणि प्रत्यक्षात बसवणार किती? हवामान खाते वादळाचा तीन तासांपुरता इशारा जिल्हावार देते, तो आल्यावर फेरी थांबवायचा अधिकार कोणाला? ठेकेदाराच्या माणसाला असेल तर तो कामाचा नाही, तिकीट त्याच्याच खिशात जाते. उतार कुठे करणार, तो मे महिन्यात कुठवर लांबणार आणि त्या पट्ट्यात गाळपेर कोणाच्या नावावर आहे, हे शाखा अभियंत्याकडून नकाशावर आखून घ्यावे. ज्यांचा पट्टा जातो त्यांची सही ठरावाच्या आधी घ्यावी. नंतर घ्यायला गेले तर ती भरपाईच्या अर्जावरच होते.